हवेचे भाडे

वाशीम-पुसद रस्त्यावर अनसिंगला एखादी जुनी शेवरोले टवेरा उभी दिसली, की मला आधी तिच्या मालकाची काळजी वाटते. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतात शेवरोलेची विक्री थांबवली, डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचा कारखानाही बंद केला. 2021 मध्ये फोर्डनेही तीच वाट धरली. गाड्या मात्र इथेच राहिल्या. ब्रेक पॅड, ऑइल फिल्टर मिळून जातात. गाडी अडते ती हेडलाइट नाहीतर बंपरपाशी. टवेरा ही मुळात इसुझूची पँथर, इंडोनेशियात वर्षानुवर्षे विकली गेलेली. म्हणून पोरगं मोबाइलवर जकार्ताचा भाव दाखवतं आणि बाप हरखून जातो. जरा थांबा! हवाई कुरिअरवाले नुसते वजन पाहत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात. 60 बाय 50 बाय 40 च्या खोक्यातला तीन किलोचा दिवा पावतीवर 24 किलोचा होतो. उरलेले भाडे हवेचे! कस्टम ड्युटी लागते तीही भाडे आणि विमा किमतीत धरून, आणि त्या सगळ्या बेरजेवर जीएसटी. तो बंपरसारख्या भागांवर सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, एवढाच काय तो दिलासा. पार्ट नंबरचा एक आकडा चुकला, तर परतीचे भाडे बहुधा आपल्याच खिशातून. तेव्हा चेसिस नंबर मेकॅनिकच्या हाती द्या, अकोला-नागपूरच्या भंगारात आधी शोधा, आणि मागवायचेच झाले तर चार टवेरावाले मिळून एकदाच मागवा.