गाडी शेजाऱ्याची, भरपाई कुणाची?



आपल्या वस्त्यांमधून आता चारचाकी दिसू लागली आहे. पिरंगुटच्या कारखान्यात वीस वर्षे राबलेला आपला भाऊ पतपेढीचे कर्ज काढून, जुनी का होईना, गाडी दारात उभी करतो ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण गाडी एकाची आणि गरज दहा घरांची. रात्री-अपरात्री पौडहून पेशंट पुण्याला न्यायचा असतो. बाबासाहेबांनी १९५४ साली जिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली त्या देहूरोडला २५ डिसेंबरला जायचे असते. सहा डिसेंबरला दादर असते. अशा वेळी चावी शेजारच्याच दारात मागितली जाते, आणि ती दिलीही जाते. तंटा सुरू होतो तो गाडी ठोकून परत आल्यावर.

गेल्या पावसाळ्यात असाच एक तंटा मिटवायला आम्ही चार-पाच जण विहारात बसलो होतो. आईला दवाखान्यात न्यायचे म्हणून शेजाऱ्याने गाडी मागून नेली. त्याचा मुलगा चालवत होता, लायसन्स होते. आईला सुखरूप घरी आणून सोडले. पण चावी त्याच्याच खिशात राहिली, आणि संध्याकाळी मित्रांना घेऊन चिरंजीव ताम्हिणीकडे निघाले. पावसात वळणावर गाडी कठड्याला घासली. बंपर, हेडलाइट, पुढचा पत्रा असे सारे मिळून गॅरेजवाल्याने २४,००० रुपये सांगितले.

मालक म्हणे, सगळे पैसे टाका. शेजारी म्हणे, "अण्णा, गाडीचा विमा आहे ना? मग आमच्याकडं कशाला मागता?" दोन महिने दोन्ही घरांत बोलणे नव्हते. दहावीच्या अभ्यासाला एकत्र बसणाऱ्या दोघी मुली वेगवेगळ्या बसू लागल्या. मला वाईट वाटले ते याचे. पत्रा काय, ठोकून सरळ होतो.

विम्याचे कागद मागवले तर तो नुसता थर्ड पार्टी निघाला. पुष्कळांचा असा समज असतो की विमा म्हणजे विमा. तसे नाही. कायद्याने जो सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याच्यासाठी. आपल्या स्वतःच्या गाडीच्या पत्र्याला त्यातून एक पैसा मिळत नाही. त्यासाठी फुल इन्शुरन्स लागतो. तो असला, चालवणाऱ्याकडे लायसन्स असले आणि मालकाने संमती दिलेली असली, तर शेजाऱ्याच्या हातून ठोकलेल्या गाडीचाही क्लेम मिळतो.

पण तोही फुकट नसतो. १,५०० सी.सी.पर्यंतच्या खाजगी मोटारीला पहिले १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. प्लास्टिक, रबर, टायर यांचे निम्मेच पैसे मिळतात. शिवाय दरवर्षी क्लेम न केल्याची सवलत असते : पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की ती शून्यावर येते. समजा आपल्या गाडीच्या नुकसानीपुरता हप्ता ८,००० रुपये आहे आणि यंदा ३५ टक्के सूट मिळायची होती, तर २,८०० रुपये तिथेच गेले, आणि पुन्हा २० टक्क्यांपासून सुरुवात. म्हणून "विमा आहे ना" हे उत्तर अर्धेच आहे. विम्याने न दिलेली रक्कम आणि बुडालेली सवलत मागणे याला मालकाचा लोभ म्हणता येणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ च्या करार कायद्यात वापरायला दिलेल्या वस्तूविषयी स्पष्ट तरतुदी आहेत, आणि भाडे न घेता दिलेल्या वस्तूलाही त्या लागू होतात. कलम १५१ सांगते की घेणाऱ्याने, साधारण समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी घ्यावी. तेवढी घेतली असेल तर वस्तूला काही झाले तरी तो बांधील नाही. म्हणजे गाडी नीट बाजूला लावली असताना मागून टेम्पोने धडक दिली, तर शेजाऱ्याला धरून बसू नये. टेम्पोचा नंबर घेऊन पोलीस ठाणे गाठावे. पण कलम १५४ कडक आहे. ज्या कामासाठी दिली त्याच्याबाहेर वस्तू वापरली, तर त्या वापरात झालेले सारे नुकसान घेणाऱ्याच्या माथी. दवाखान्यासाठी दिलेली गाडी ताम्हिणीला गेली, इथेच त्या मुलाची बाजू संपली. आपण दर वंदनेला घेतो ते दुसरे शील तरी वेगळे काय सांगते? दिले नाही ते घ्यायचे नाही. चावी दिली होती. ताम्हिणी दिली नव्हती.

मात्र मालकही अगदी धुतल्या तांदळासारखा नव्हता. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते हे मेकॅनिकने त्याला आधीच सांगितले होते. त्याने ते शेजाऱ्याला सांगितले नाही. कलम १५० प्रमाणे, माहीत असलेला दोष न सांगता वस्तू दिली तर त्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला देणारा जबाबदार. शेवटी १८,००० शेजाऱ्याने सहा हप्त्यांत द्यावेत आणि ६,००० मालकाने सोसावेत असे ठरले. बैठकीतल्या एका ज्येष्ठांना हे शेजाऱ्यावर जड वाटले. मला वाटले नाही. कागद केला, दोघांनी सह्या केल्या.

ही झाली पत्र्याची गोष्ट. माणूस गेला तर काय होते तेही सांगितले पाहिजे. इरकल लुगड्यांमुळे आपल्या बायकांना इलकल गाव ठाऊक आहे. तिथून आपल्या गावी निघालेला एक जण मागून आणलेल्या मोटारसायकलवरून पुढच्या बैलगाडीवर आदळून दगावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००९ साली न्यायालयाने म्हटले, गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी येतो. म्हणून चूक कुणाची हे सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलमाखाली त्याच्या वारसांना त्याच गाडीच्या विम्यावर दावा करता येणार नाही. घरातला कमावता माणूस मागून आणलेल्या गाडीवर निघताना हे बायकोला ठाऊक असावे.

आणि लायसन्स नसलेल्याच्या हाती चावी देऊच नका, मग तो सख्खा मेहुणा असो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पेट्रोल टाकून घेणे ठीक. पण पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली तर विमा कंपनी हात वर करू शकते.

चावी देताना कुठे जाणार, कोण चालवणार आणि गाडीत काय दोष आहे, एवढे वहीच्या पानावर लिहून दोघांनी सही केली तर त्यात अविश्वास कसला? आपण पतपेढीत भावाला जामीन राहतो तेव्हाही सही करतोच. गाडी परत आली की दोघांनी मिळून एक फेरी मारून पाहावी, उजेड असताना.

एवढे करूनही तंटा मिटला नाही, तर वकिलाच्या फीला भिऊन गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीने आपल्या बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या आहेत. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा, जातीचा दाखला जोडायचा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचे बळ असते, तिच्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. विम्याची प्रत, गॅरेजचे बिल आणि ते वहीचे पान सोबत न्यावे.