मोहाची दारू : किंमत फुलाची की मनाईची?

१/ मोहफुलाची दारू आता देखण्या बाटलीत ‘दुर्मीळ वारसा’ म्हणून विकली जाते. शौकीन तिच्या शोधात हिंडतात. ती त्या किमतीची आहे का? उत्तर चवीत नाही, इतिहासात आहे.

२/ मोह दुर्मीळ कधीच नव्हता. मार्च-एप्रिलच्या पहाटे विदर्भाच्या रानात त्याच्या फुलांचा सडा पडतो. नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाले, तेव्हा प्रांतातली देशी दारू मुख्यतः याच फुलांची होती.

३/ दुर्मीळता कायद्याने घडवली. भट्टीचा हक्क सरकारने लिलावात विकला. घरी गाळणारा गोंड गुन्हेगार ठरला. मुंबई इलाख्यात १८९२ च्या मोह कायद्याने तर फुले बाळगण्यावरही बंधन आणले.

४/ आक्षेप येईल : दारूने घरे मोडली, म्हणूनच गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. आक्षेप रास्त आहे. पण मग तोच न्याय महागड्या बाटलीला का नाही? मडक्यातला गुन्हा काचेत शिरताच वारसा कसा होतो?

५/ तात्पर्य, ग्राहक मोजतो ती किंमत फुलाची नव्हे, दीडशे वर्षांच्या मनाईची. फुले वेचणाऱ्या हातांना तिच्यात वाटा मिळत नाही, तोवर ‘वारसा’ हा शब्द केवळ जाहिरात आहे.