धरण एक कोटी बावन्न लाख फुटांवर

“सर, जायकवाडी एक कोटी बावन्न लाख फुटांवर गेलं!” कोपऱ्यातल्या मुलीनं सांगितलं आणि अख्खी लॅब हसली. जायकवाडीचा जलाशय, नाथसागर, भरतो 1522 फुटांना. नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब करत जगणाऱ्या आपल्या शहरात हा आकडा शाळकरी पोरांनाही पाठ असतो. तिच्या स्क्रीनवर मात्र 15211522 दिसत होतं.

इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली बरीच सर्किट बोर्डांची वाट पाहण्यात. आधी मागणीपत्र, मग निविदा, शेवटी पाच बोर्ड आणि भोवती साठ पोरं. त्यातला एक उलट्या वायरीनं पहिल्याच दिवशी जळायचा.

या मुलीकडे बोर्डच नव्हता. तिच्या जुन्या लॅपटॉपवर क्यूईएमयू होतं. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं 2003 मध्ये आणलेलं हे फुकट सॉफ्टवेअर संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा करतं. शेजारी पातळी मोजणाऱ्या सर्किटचं सोंग घेतलेला दुसरा प्रोग्राम. दोघांमध्ये सॉकेट, म्हणजे इंटरनेटवर दोन यंत्रं ज्या वाटेनं बोलतात तीच वाट, फक्त एकाच लॅपटॉपच्या आत. आतल्या संगणकाला वाटतं, आपल्या सिरियल पोर्टला खरी केबल लावलीय.

मग धरण आभाळाला का टेकलं? सॉकेटमधून अक्षरं नळाच्या पाण्यासारखी सलग येतात. एक हंडा कुठं भरला आणि दुसरा कुठं सुरू झाला, हे नळ सांगत नाही. 1521 आणि 1522 एकमेकांना चिकटले. खऱ्या केबलवरही हेच झालं असतं. प्रत्येक आकड्यामागे नवी ओळ टाकल्यावर धरण जागेवर आलं.

खरं दुखणं पुढे होतं. सर्किटचा प्रोग्राम घड्याळाचा प्रत्येक ठोका मोजतो, त्यामुळे सर्किटमधला एक सेकंद चालवायला त्याला कित्येक मिनिटं लागतात. आतला संगणक अर्धा सेकंद थांबून सेन्सर मेला म्हणून जाहीर करतो. पोरांनी वाट पाहण्याची मुदतच वाढवून टाकली. ही मलमपट्टी मला मान्य नव्हती. एकानं पाऊल टाकायचं, दुसऱ्याची खूण येईपर्यंत थांबायचं, असं दोन्ही घड्याळांना एकत्र बांधावं लागतं. यात तिचे दोन आठवडे गेले, आणि आपल्या गुणपद्धतीत त्यांना शून्य किंमत. बाजारातून आणलेल्या, दिवे लुकलुकणाऱ्या तयार डब्याला मात्र भरघोस गुण!

माझं म्हणणं एवढंच, की या जोडणीला प्रात्यक्षिकात जागा द्या. तिला निविदा लागत नाही. शेंद्रा-बिडकीनला कारखाने आले म्हणून आपण टाळ्या वाजवतो. तिथं लागणारी पोरं यंत्र हाती येण्याआधी त्याचं सॉफ्टवेअर तपासायला शिकलेली हवीत. सहकारी याला खेळणं म्हणतात. कबूल, त्याला ओल लागत नाही, त्याची वायर उंदीर कुरतडत नाहीत, शेवटी खरा बोर्ड लागतोच. पण नाथसागर 1500 वरून 1522 वर हवा तेव्हा मला खऱ्या सेन्सरसमोर कोण चढवून देणार?

(जोडणी 127.0.0.1 या आपल्याच मशीनच्या पत्त्यावर ठेवा. या मुलीनं ती सगळ्या लॅबला खुली ठेवली होती, तर शेजारच्या बाकावरच्या पोरानं तिचं धरण रिकामं केलं.)

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “वस्तू कुठंय?” तिनं काही न बोलता सर्किटचा प्रोग्राम बंद केला. आदल्या आठवड्यात असं केल्यावर जुनाच 1519 ताजा असल्यासारखा स्क्रीनवर राहिला होता. मी तिला 2006 च्या ऑगस्टमध्ये पाण्याखाली गेलेल्या, धरणाच्या पायथ्याच्या पैठणची आठवण करून दिली होती. या वेळी आकडा पुसला गेला आणि ओळ उमटली: ‘11:42 नंतर पातळीची खबर नाही.’ सर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.