एकच जाड पुस्तक

बोरिवली-मुलुंडहून स्वस्तात तीन-चार देश फिरायला निघणाऱ्यांनी प्रत्येक देशाची वेगळी मार्गदर्शिका घेण्यापेक्षा त्या प्रदेशाची एकच घ्यावी. लोन्ली प्लॅनेटचं 'साउथईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग' १९७५पासून याच गरजेपोटी निघतं. पैसे आणि दिवस वाया जातात ते देशांच्या सांध्यांवर. नॉम पेन्हहून हो ची मिन्ह सिटीला जाणारी बस मोक बाइला व्हिएतनाममध्ये शिरते; ही वाट सलग दिसते ती प्रदेशाच्या पुस्तकातच. छापील माहिती शिळी होते, हा आक्षेप खरा. भाडी फोनवरच पाहावीत. पण फोन विचारलं तेवढंच सांगतो. पुस्तकातल्या व्हिसाच्या पानावर मात्र मुळीच विसंबू नये; नियम पासपोर्टागणिक बदलतात. जर्मन पासपोर्टवाल्याला व्हिएतनाममध्ये ४५ दिवसांची सूट, आपल्याला आधी ई-व्हिसा, आणि त्याच्या अर्जात प्रवेशाचं ठाणंही नोंदवायचं. पुस्तकातली शाकाहाराची दोन ओळींची चौकट तर घाटकोपरच्या शाकाहाऱ्यांना पुरायची नाहीच!