उपवासाचें फर्मान आणि रिकामें ताट

प्रजेनें अमुक दिवशीं उपवास व प्रार्थना करावी, असें राज्यकर्त्यांनीं जाहीर करण्याची चाल जुनी आहे. श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न; त्यांत आम्ही शिरत नाहीं. परंतु अन्न पिकविणाऱ्यांच्या बाजूनें या चालीचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

बटाट्यावरील रोगामुळें आयर्लंडांत भीषण दुष्काळ पडला असतां, राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्यानें २४ मार्च १८४७ हा दिवस राष्ट्रीय उपवासाचा ठरला. देवाचा कोप शांत व्हावा, हा त्याचा हेतु. परंतु ज्यांच्या चुली आधींच थंड पडल्या होत्या, त्यांनीं आणखी कसला उपवास करावयाचा? आणि त्याच दुष्काळांत आयर्लंडचें धान्य व जनावरें इंग्लंडास जातच होतीं! संकट सर्वस्वीं देवावर टाकलें, कीं कोठाराचा हिशेब कोणी विचारीत नाहीं, हाच या चालींतील मोठा दोष होय.

आपल्या देशांतील उदाहरण याहून निराळें आहे. सन १९६५ मध्यें पावसानें दगा दिला, त्यांतच पाकिस्तानशीं युद्ध झालें, आणि अमेरिकेच्या गव्हावर आपली भिस्त होती. तेव्हां पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं आठवड्यांतून एक वेळचें जेवण सोडण्याची विनंती केली. सोमवारीं सायंकाळीं कित्येक हॉटेलें बंद राहूं लागलीं. हा नेम शास्त्रीजींनीं प्रथम आपल्या घरीं करून पाहिला, असें सांगतात. शिवाय केवळ उपवासावर काम सोडून दिलें नव्हतें. अन्न महामंडळ व कृषि मूल्य आयोग त्याच वर्षीं स्थापन झाले, आणि १९६६ मध्यें मेक्सिकन गव्हाचें १८,००० टन बियाणें आणविलें गेलें. तरीही ज्या मजुरास एकच वेळ मिळे, त्यानें कोणती वेळ सोडावी, हा प्रश्न उरतोच.

तिसरा उपवास शेतकऱ्यांचा स्वतःचा आहे. १९ मार्च १९८६ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांतील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांचा पत्नी व चार मुलांसह अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ पासून त्या दिवशीं महाराष्ट्रांत अन्नत्याग केला जातो. त्याला सरकारी आज्ञा नाहीं. उलट तो सरकारलाच जाब विचारतो.

आमच्या दिव्याच्या खाडीकांठीं जेथें आज चाळी व इमारती उभ्या आहेत, तेथें पूर्वी भातशेती होती. बांध फुटून खारें पाणी शिरलें, तर ओहोटी साधून माती टाकल्यावांचून शेत वांचत नसे. नवस बोलावा, परंतु आधीं बांध घालावा, एवढें शहाणपण खारभूमीनें शेतकऱ्यास शिकविलें आहे.

तेव्हां पुढें केव्हां उपवासाची हांक आलीच, तर शेतकरी बंधूंनीं तीन गोष्टी विचाराव्या. हांक देणाऱ्याचें ताट प्रथम रिकामें झालें काय? वांचलेला घास कोणाच्या मुखीं गेला? आणि दुसऱ्या दिवशीं बांध, बियाणें व भाव यांचें काम सुरू झालें काय? तिन्ही उत्तरें होकारार्थी असतील, तर शेतकरी मागें राहणार नाहीं. नसतील, तर त्यानें उपाशी राहण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.