पुतळा पडला, चूक कुणाची?

मुलांनो, चौथीच्या वर्गात शिवरायांचं आरमार शिकवायला घेतलं, की आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेत धडा सिंधुदुर्ग किल्ल्यावर थांबत नाही. तो मालवणच्या राजकोटावर जातो, आणि तिथून थेट भांडणावर.

एक जण म्हणतो, "बाई, सगळी चूक पुढाऱ्यांची. तेंका नुसतो फोटो होयो होतो." लगेच दुसरी ताडकन उठते, "आणि त्या पुढाऱ्यांका मतां कोणी दिल्यानी? आमच्याच आवशी-बापसांनी मां?" झालं! वर्गाचे दोन पक्ष. मोठी माणसंसुद्धा हेच भांडण भांडतात. एसटीत, न्हाव्याच्या दुकानात, मासळी बाजारात. म्हणून या आठवड्याचं पान त्यालाच देते.

मालवणबाहेरच्या वाचकांसाठी आधी हकिगत सांगते. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन आमच्या सिंधुदुर्गात साजरा झाला. त्या दिवशी प्रधानमंत्री नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राजकोट किल्ल्यावर शिवरायांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. पुतळा उभारण्याचं काम नौदलाच्या देखरेखीखाली झालं आणि पैसा राज्य सरकारचा होता. २६ ऑगस्ट २०२४ ला दुपारी तो पुतळा कोसळला. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. शिल्पकाराला आणि बांधकाम सल्लागाराला पुढे अटक झाली. २८ तारखेला दोन पक्षांचे कार्यकर्ते किल्ल्यावरच एकमेकांना भिडले. ३० तारखेला प्रधानमंत्र्यांनी पालघरच्या सभेत माफी मागितली.

आता नीट वाचा हं. पुतळा पडण्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, मालवणच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनी नौदलाला पत्र लिहिलं होतं. पावसानं आणि खाऱ्या वाऱ्यानं पुतळ्याचे नट-बोल्ट गंजले आहेत, दुरुस्ती करावी, असा त्याचा मतलब. म्हणजे गंज दिसला होता, कागदावरही आला होता. एका कार्यालयानं कळवलं, काम दुसऱ्या कार्यालयाचं होतं, आणि मधल्या सहा दिवसांत पाऊस काही थांबला नाही.

आणि गंजाचं आपल्याला काय नवल? किनाऱ्यावरच्या घरात खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात. सायकलची चेन महिनाभर तेल नाही घातलं तर करकरते. होडीला कुठला खिळा मारायचा हे रापणीवरच्या कुठल्याही आजोबांना विचारा, ते तासभर सांगतील. त्या आजोबांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही, "अरे, ह्ये बोल्ट कसले?" अनावरणाच्या गर्दीत असा प्रश्न विचारणारा माणूस वेडाच ठरला असता.

तर चूक कुणाची? माझ्या मते हा प्रश्नच जरा भोंगळ आहे. 'पुढारी' म्हणजे एक ढीग आणि 'मतदार' म्हणजे दुसरा ढीग. ढिगाला दोष दिला की कुणालाच दिला जात नाही. त्यापेक्षा असं विचारावं, कुठलं काम कुणाचं होतं? बोल्ट तपासायचं काम मतदाराचं नव्हतं. ते पगार घेऊन काम करणाऱ्या माणसांचं. पुढाऱ्यांचं काम होतं त्या माणसांना पुरेसा वेळ देणं आणि नंतर लक्ष ठेवणं. आपल्याकडे मात्र समारंभाची तारीख आधी ठरते आणि काम तिच्यामागं धापा टाकत धावतं. ही खोड एका पक्षाची नाही, सगळ्यांची आहे. रस्त्याची फीत कापायला दहा जण, खड्डा बुजवायला कोणी नाही.

"तुम्हीच निवडून दिलात, आता भोगा" हे बोलणं मला पटत नाही. पाच वर्षांतून एकदा एक मत मिळतं. त्या एका मतात रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना, मासेमारीचे कायदे असं सगळं कोंबायचं. बोल्टासाठी वेगळं मत कुठून द्यायचं?

पण म्हणून मतदार सुटला का? नाही.

आमच्या शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ आहे, तुमच्याही शाळेत असेल. यंदाची पाणीमंत्री पाचवीतली, चांगली हुशार. एकदा हात धुण्याचा नळ चार दिवस गळत होता. येणारं-जाणारं प्रत्येक पोर ते बघत होतं. विचारलं तर उत्तर एकच, "बाई, तो पाणीमंत्र्याचा विषय." पाणीमंत्री त्या चार दिवसांत तापानं घरी होती! मत देऊन मंत्री केली, आता आपला काय संबंध, असं झालं. शेवटी दुसरीतल्या एका चिमुरड्यानं मला हाताला धरून नळापाशी नेलं.

मोठ्यांचा नळ म्हणजे ग्रामसभा. मालवण शहरात नगरपरिषद आहे, तिथं ग्रामसभा नसते; पण हे पान वाचणारी बरीचशी मुलं खेड्यातली. आपल्या राज्यात वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गावाचा पैसा कशावर खर्च करायचा, घरकुल कुणाला द्यायचं, याचा विचार तिथं होतो. गावातला कुणीही मतदार उभा राहून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो. सभेला किती माणसं लागतात? मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तितकी. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर जण जमले तरी पुरे. आणि तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा मात्र गणसंख्येची अट नसते. मग पंधरा-वीस माणसं बसून दोन हजारांचं ठरवतात, आणि उरलेले वर्षभर म्हणतात, "ह्ये मेले आपल्याच मनाचा करतत."

पालकांची बाजूही सांगायला हवी. सभा सकाळी दहा-अकराला. त्या वेळी होडीवरचा माणूस समुद्रात असतो आणि त्याची बायको बाजारात मासे विकत असते. सगळा आळस नाही हा. पण सभेची वेळ बदला, अशी मागणी तरी किती गावांनी केली?

आणखी एक वाक्य नेहमी कानावर येतं, "सगळे पुढारी सारखेच." याच जिल्ह्यातल्या लोकांनी राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै यांना १९५७, १९६२ आणि १९६७ साली लोकसभेत पाठवलं. त्यांच्यानंतर प्रा. मधू दंडवते यांना सलग पाच वेळा. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्या त्यांच्या काळात. कोकणात रेल्वे हवी, हा धोशा लोकांनी आणि त्यांच्या खासदारांनी वर्षानुवर्षं सोडला नाही. १९९० मध्ये कोकण रेल्वेचं महामंडळ झालं आणि १९९८ मध्ये गाडी सगळ्या मार्गावर धावू लागली. दंडवते मात्र १९९१ ची निवडणूक हरले होते. मतदारांचं गणित असंही असतं, बाबांनो.

राजकोटावर आता नवा पुतळा उभा आहे, ६० फुटी. ११ मे २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं पूजन झालं. शंभर वर्षं टिकावा आणि पहिली दहा वर्षं देखभाल ठेकेदारानंच करावी, अशी अट या वेळी घातलेली आहे. दहा वर्षं म्हणजे २०३५ पर्यंत. माझ्या चौथीतल्या मुलांचं नाव तेव्हा मतदार यादीत आलेलं असेल. गंज बघायला कोण येतं, कधी येतं, अहवाल कुठं ठेवतात, हे दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारता येतं. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

तोवर एक काम करा. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागेल, ती वहीत उतरवून घरी वाचून दाखवा. आपल्या घरातलं शेवटचं कोण सभेला गेलं होतं आणि तिथं काय विचारलं, तेही विचारा. कुणीच गेलं नसेल तर तसं लिहा. पत्रं नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. पोस्टकार्ड चालेल.