साखर मोजतो, पण रक्तातल्या चरबीचं काय?



परवा एका जुन्या सभासदांनी रक्ताचा रिपोर्ट दाखवला. साखर 300 च्या वर, ट्रायग्लिसराइड 480. म्हणाले, "सेक्रेटरी, शुगर घराण्यातच आहे. पण आम्ही रोज मासे खाणारे, अंगानं काटक. ही चरबी कुठून आली?" विचारलं तर कळलं, तीन महिने गोळ्या बंद.

उत्तर तिथंच आहे. इन्सुलिन साखर सांभाळतं, तसंच साठवलेल्या चरबीला कुलूपही घालतं. इन्सुलिन कमी पडलं की कुलूप सुटतं, फॅटी ॲसिड रक्तात येतात. लिव्हर त्यांचं ट्रायग्लिसराइड बनवून परत रक्तात सोडतं. शिवाय फॅटी ॲसिड वाढली की इन्सुलिनचा असर आणखी घटतो, साखर आणखी चढते. होडी भोवऱ्यात सापडावी तसं हे चालतं. ट्रायग्लिसराइड उपाशीपोटी 150 च्या खाली हवं. 500 च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

काटक अंगावर विसंबू नका. आपली माणसं दिसायला बारीक असली तरी आतून चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक किती वर्षं सांगत आले आहेत. आणि माशांचं म्हणाल तर शेजारचा गोवा बघा. 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यातच निघालं, 26.4 टक्के. तिथं काय मासे कमी खातात?

म्हणून स्पष्ट बोलतो. बांगडा, तारलीत ओमेगा-3 असतं, ट्रायग्लिसराइड कमी करायला त्याची मदत होते, हे खरं. पण तेलात तळलेला बांगडा, ताटभर भात आणि संध्याकाळचा पेला, यानं ते वाढणारच. "मासे खा, शुगर पळवा" असले मेसेज निदान आपण मासे विकणाऱ्यांनी तरी पुढं पाठवू नयेत. धंदा आपला आहे, पण जीवही आपल्याच माणसांचा आहे.

माझं मत असं: पुढच्या आरोग्य शिबिरात नुसती बोट टोचून साखर बघू नये. एचबीए1सी आणि लिपिड प्रोफाइल दोन्ही करावं, खर्चाचा काही भाग संस्थेनं उचलावा. सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडणार आहे. तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी किंवा इन्सुलिन कुणी बंद करू नका.

पटलं तर सभेला या. नाही पटलं तरी या, तिथं बोलू.

आपला,
सेक्रेटरी